पथ्याच्या काळात कॉफी की रेड वाइन? आधी चाचणी, मग निवड

पोटासाठी कडक पथ्य सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात मनाशी सौदा सुरू होतो: दोन्ही एकदम सोडवत नाहीत, मग कॉफी ठेवू की रात्रीचा रेड वाइनचा ग्लास? याचं उत्तर बहुतेक जण अंदाजाने देतात आणि तिथेच चुकतात. कॉफीचा परिणाम काही मिनिटांत मोठ्या आतड्यावर दिसू शकतो. वाइनचा बराचसा त्रास रात्री आडवं झाल्यावर किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी जाणवतो. मग सकाळच्या पातळ शौचाचा आळ सकाळच्या कॉफीवर येतो आणि आदल्या रात्रीचा ग्लास नामानिराळा राहतो.

म्हणून दोन्हींची चाचणी स्वतंत्र घ्यायची, मोजून घ्यायची, आणि तुलना त्यानंतर करायची. खालचा क्रम आयबीएससाठीच्या (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी करणारं हळवं आतडं) कमी-फॉडमॅप आहाराला धरून मांडला आहे. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी, पुढे आंबून वायू करणारी कर्बोदकं. आम्लपित्त किंवा घशाशी येणाऱ्या जळजळीच्या पथ्यालाही तो चालतो. सगळे टप्पे नीट केले तर चार ते सहा आठवडे लागतात.

## टप्पा १: ही चाचणी तुमच्यासाठी आहे का, ते ठरवा

वाइनची चाचणी पुढीलपैकी कोणीही करू नये: गरोदर किंवा गर्भधारणेचा प्रयत्न करणाऱ्या स्त्रिया, यकृताचा आजार किंवा स्वादुपिंडदाह झालेले, पूर्वी दारूचं व्यसन असलेले, झोपेची किंवा गुंगी आणणारी औषधं घेणारे, अल्पवयीन. मेट्रोनिडाझोल किंवा टिनिडाझोल चालू असेल तर मद्य पूर्ण वर्ज्य; कोर्स संपल्यावरही किमान ३ दिवस थांबा. ही औषधं पोटाच्या संसर्गासाठी सर्रास दिली जातात, त्यामुळे पथ्यावरच्या माणसाची गाठ त्यांच्याशी पडतेच. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं आणि मद्य एकत्र आले की जठरातून रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांत दिलं जाणारं औषध) घेत असाल तर आधी डॉक्टरांना विचारा.

जे वाइन पीतच नाहीत त्यांनी या चाचणीसाठी ती सुरू करू नये. त्यांच्यासाठी फक्त कॉफीचे टप्पे आहेत.

जठरव्रण, ताजा जठरदाह किंवा आतड्याच्या दाहाचा झटका चालू असताना दोन्ही चाचण्या पुढे ढकला. दुखऱ्या आतड्यावर घेतलेली चाचणी काहीच शिकवत नाही.

थांबा आणि डॉक्टरांकडे जा: शौचातून रक्त, डांबरासारखा काळा मळ, प्रयत्न न करता घटणारं वजन, गिळताना अडकणं, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, रक्तक्षय, किंवा वयाच्या पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास. लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो, पण तो निष्कर्ष स्वतः काढू नका.

## टप्पा २: कॉफी हळूहळू शून्यावर आणा

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पथ्य सोमवारी सुरू, म्हणून कॉफीही सोमवारी बंद. बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, दुसऱ्या दिवशी ते शिगेला पोहोचतं, मळमळ आणि आळस येतो, पोट साफ होत नाही. माणूस म्हणतो, ‘हे पथ्य मला मानवत नाही.’ प्रत्यक्षात कॅफिन अचानक सुटल्याचा तो परिणाम असतो आणि तो दोन ते नऊ दिवस टिकतो.

त्याऐवजी दर तीन दिवसांनी कॉफीचा सुमारे चौथा हिस्सा कमी करा. रोज चार कप असतील तर चाराचे तीन, तिनाचे दोन. शेवटचा कप मध्येच तोडण्यापेक्षा त्याची पूड अर्धी करा आणि तीन दिवसांनी बंद करा. चहा, कोला, एनर्जी ड्रिंक आणि कॅफिन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या हिशेबात धरा. कॉफी सोडून चहा दुप्पट केला तर आतड्याच्या दृष्टीने फारसं काही बदललेलं नसतं.

वाइन मात्र पहिल्या दिवसापासून बंद ठेवता येते. अपवाद एकच: रोज भरपूर मद्य घेणाऱ्यांनी ते एकदम थांबवणं धोक्याचं असतं, त्यांनी हे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावं.

## टप्पा ३: एक आठवड्याची कोरी नोंद

दोन्ही पेयं बंद आणि पथ्य पक्कं, असे सलग ७ दिवस काढा. या आठवड्याची नोंद हाच तुमचा मापदंड आहे. तो नसेल तर पुढचं सगळं ‘वाटतं’वर चालतं.

रोज लिहायचं एवढंच:

- पोटदुखी, फुगणं, जळजळ: प्रत्येकाला ० ते १० पैकी आकडा, दुपारी एकदा आणि झोपताना एकदा
- शौचाची वेळ आणि ब्रिस्टल मापकावरचा (मळ किती घट्ट की पातळ ते सांगणारा) प्रकार (१ म्हणजे कडक खडे, ३-४ म्हणजे ठीक, ७ म्हणजे पाणी)
- किती तास झोप झाली आणि रात्री किती वेळा जाग आली
- मासिक पाळीचा दिवस, औषधं, नेहमीपेक्षा वेगळा ताण

शेवटच्या दोन नोंदी लोक गाळतात. पाळीच्या आधीचे दोन दिवस आणि पाळीतले पहिले दिवस अनेकींचं पोट एरवीही बिघडलेलं असतं. त्या दिवसांत चाचणी ठेवू नका.

तपासा: आठवड्यातल्या शेवटच्या तीन दिवसांचे आकडे एकमेकांपासून दोनहून जास्त हलत असतील तर पोट अजून स्थिरावलेलं नाही. आणखी तीन-चार दिवस थांबा. पथ्य पाळूनही आकडे खाली येत नसतील तर अडचण या दोन पेयांची नाही. पथ्यच आहारतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

## टप्पा ४: मोजमापाची तयारी

ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मिलिलिटरच्या खुणा असलेलं मापाचं भांडं, एवढं पुरे. ‘एक कप’ आणि ‘एक ग्लास’ ही मापं नाहीत. मोठ्या ग्लासात डोळ्यांच्या अंदाजाने ओतलेली वाइन सहज २५० मिलि भरते.

कॉफी: एकाच पाकिटातली शुद्ध पूड संपूर्ण चाचणीभर वापरा. अरॅबिकाच्या बियांत वजनाच्या साधारण एक ते दीड टक्का कॅफिन असतं, रोबस्टात त्याच्या जवळपास दुप्पट. पाकीट बदललं की मात्राही बदलते, चमचे तेवढेच असले तरी. पाकिटावरची घटकांची यादी शेवटपर्यंत वाचा. चिकोरी असेल तर ते पाकीट बाजूला ठेवा. चिकोरीच्या मुळात इन्युलिन नावाचं फ्रुक्टान (फॉडमॅपचाच एक प्रकार) भरपूर असतं आणि ते कमी-फॉडमॅप आहारात सरळ वर्ज्य आहे. ‘कॉफीने पोट फुगतं’ या तक्रारीमागे कित्येकदा हीच चिकोरी असते. ग्लूटेन टाळणाऱ्यांनी स्वादयुक्त मिश्रणांत बार्लीचं माल्ट आहे का ते पाहावं. साध्या कॉफीत आणि वाइनमध्ये त्यांना सहसा अडचण नसते.

वाइन: कोरडी, म्हणजे गोड नसलेली, १३ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली एकच रेड वाइन ठरवा. गोड वाइन आणि पोर्ट घेऊ नका. त्यांत साखर जास्त असते, मग त्रास फ्रुक्टोजचा की अल्कोहोलचा ते कळत नाही. शुद्ध अल्कोहोलचा हिशेब असा: मिलि × टक्के × ०.७८९ ÷ १००. म्हणजे १३ टक्क्यांच्या १०० मिलि वाइनमध्ये सुमारे १० ग्रॅम, १५० मिलिमध्ये १५ ग्रॅमच्या वर, आणि १४ टक्क्यांच्या २५० मिलिमध्ये साडेसत्तावीस ग्रॅम.

चाचणीला एकूण ३०० मिलि वाइन लागते, त्यामुळे ३७५ मिलिची अर्धी बाटली पुरते. मोठी बाटली उघडली तर उरलेली लगेच लहान स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरा, घट्ट बंद करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. तीन ते पाच दिवस ती नीट राहते.

## टप्पा ५: कॉफीची चाचणी

कॉफी आधी, वाइन नंतर. कॉफीचा परिणाम लवकर दिसतो आणि लवकर ओसरतो, म्हणून पुढचा टप्पा खोळंबत नाही.

दिवस १: नाश्ता झाल्यावर ५ ग्रॅम पूड, ८० मिलि पाणी. कोरी, साखर घालायचीच तर नेहमीची एक छोटा चमचा.
दिवस २: त्याच वेळी १० ग्रॅम पूड, १६० मिलि पाणी.
दिवस ३: सकाळी १० ग्रॅम आणि दुपारी जेवणानंतर पुन्हा १० ग्रॅम.
दिवस ४ ते ६: कॉफी बंद, नोंद चालू.

पहिले तिन्ही दिवस उपाशीपोटी कॉफी नको. कॉफी जठरातलं आम्ल वाढवते आणि रिकाम्या पोटी ते जास्त बोचतं. उपाशीपोटी कॉफी मानवते का हा वेगळा प्रश्न आहे; तो नंतर तपासता येईल. कप थोडा निवू द्या. ६५ अंश सेल्सिअसहून गरम पेयं अन्ननलिकेसाठी बहुधा कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केलं, आणि जळजळ होणाऱ्या अन्ननलिकेला तर तो चटका आणखी नको.

त्रास किती वेळाने आला यावरून कारण बरंचसं ओळखता येतं. काही मिनिटांपासून अर्ध्या तासात शौचाची घाई झाली तर ती मोठ्या आतड्याची हालचाल वाढल्यामुळे. हालचाल वाढणं अनेकांत नैसर्गिक आहे आणि बद्धकोष्ठ असलेल्यांना त्याचा उपयोगच होतो. घाईबरोबर मुरडा आणि प्रकार ६-७ चा मळ असेल तरच तो त्रास धरा. तासाभरात छातीत जळजळ, करपट ढेकर आले तर आम्लाचा भाग. हात थरथरणं, धडधड, रात्री झोप न लागणं हे कॅफिनच्या मात्रेचं लक्षण, पोटाचं नव्हे. पण झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी आतडं जास्त हळवं होतं, म्हणून नोंद महत्त्वाची.

दिवस १ ते ३ मध्ये त्रास झाला तर तिथेच थांबा, तीन दिवस जाऊ द्या आणि तोच क्रम कॅफिनविरहित कॉफीने करा. ती मानवली तर दोष कॅफिनचा. तीही बाधली तर कॉफीतल्या इतर घटकांचा, कारण कॅफिनविरहित कॉफीही आतड्याची हालचाल वाढवते, फक्त कमी. ही उपचाचणी टाळू नका. ‘कॉफी बंद’ आणि ‘कॅफिन बंद’ यांत रोजच्या आयुष्याच्या दृष्टीने मोठं अंतर आहे.

दूध शेवटी. कोरी कॉफी मानवली की त्याच १० ग्रॅममध्ये ६० मिलि लॅक्टोजमुक्त (लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर) दूध घालून दोन दिवस पाहा. साधं दूध लॅक्टोजची स्वतंत्र चाचणी झाल्यावरच. सॉर्बिटॉल किंवा माल्टिटॉल असलेली साखरमुक्त सिरपं नकोत. तेही फॉडमॅपच आहेत.

सावध: थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन गोळी आणि कॉफी यांत किमान एक तास ठेवा, नाहीतर गोळी नीट शोषली जात नाही. लोहाची गोळीही कॉफीबरोबर नको. ती कॉफीच्या तासभर आधी किंवा दोन तासांनंतर घ्या.

तपासा: दिवस ६ च्या रात्रीचे आकडे कोऱ्या आठवड्याच्या पातळीवर आले का? नसतील तर येईपर्यंत थांबा. तारखेसाठी पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: वाइनची चाचणी

या काळात कॉफी बंदच, मानवलेली असली तरी.

दिवस १: रात्रीच्या जेवणाच्या मध्यावर ५० मिलि.
दिवस २: काही नाही, नोंद.
दिवस ३: १०० मिलि.
दिवस ४: काही नाही, नोंद.
दिवस ५: १५० मिलि.
दिवस ६ ते ८: बंद, नोंद.

मधला एक दिवस रिकामा का, हे अनेकांना पटत नाही. वाइनचा जाब दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतो. सलग तीन रात्री घेतली तर कोणत्या मात्रेने काय केलं ते मिसळून जातं. १५० मिलिच्या पुढे चाचणी नेऊ नका. त्यापुढे फॉडमॅपचं गणितही बिघडतं आणि अल्कोहोल स्वतःच आतड्याला चिडवतं.

तिन्ही रात्री जेवण एकच ठेवा, आणि तेही कोऱ्या आठवड्यात निर्धास्त पचलेलं. वाइनबरोबर मुरवलेलं चीज, खारवलेलं मांस, लसूण-कांद्याचं सॉस असं ताट मांडलं की चाचणी संपली. चीज आणि मांसात हिस्टामिन (ॲलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन) असतं, लसूण-कांद्यात फ्रुक्टान, आणि दोष जातो वाइनवर. जेवण आणि झोप यांत किमान तीन तास ठेवा. अल्कोहोलने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल होते. लगेच आडवं झालं तर आम्ल वर येणारच. घोट घेतल्यावर गाडी चालवायची नाही, मग तो ५० मिलि असला तरी.

वेळेवरून कारण ओळखण्याची पद्धत इथेही चालते. अर्ध्या तासापासून तीन तासांत चेहरा लाल होणं, नाक चोंदणं, डोकं दुखणं अशी लक्षणं आली तर हिस्टामिनचा संशय धरा. रेड वाइनमध्ये ते पांढऱ्या वाइनपेक्षा सहसा जास्त असतं, आणि हिस्टामिन मोडणाऱ्या विकराला अल्कोहोल अडथळा आणतं. लोक अशा वेळी सल्फाइटला, म्हणजे वाइन टिकवणाऱ्या घटकाला, दोष देतात. पण कोरड्या रेड वाइनमध्ये सल्फाइट सहसा पांढऱ्या आणि गोड वाइनपेक्षा कमीच असतं. सल्फाइटचा खरा धोका दमेकऱ्यांना: छाती आवळली किंवा घरघर लागली तर चाचणी कायमची बंद आणि डॉक्टरांचा सल्ला. रात्रीची जळजळ असेल तर झडपेचा आणि आम्लाचा भाग. पहाटे पातळ शौच झालं तर अल्कोहोलने आतड्याची गती वाढवली, पाणी शोषू दिलं नाही.

झोपेच्या रकान्याकडे नीट बघा. वाइनने झोप लवकर लागते, पण रात्रीचा दुसरा भाग तुटक जातो. सकाळचं थकलेलं, हळवं पोट हाही वाइनचाच परिणाम आहे. तो नोंदीतून वगळला की वाइन असते त्यापेक्षा निर्दोष दिसते.

## टप्पा ७: तराजू कसा लावायचा

कोऱ्या आठवड्याच्या सरासरीपेक्षा एखादा आकडा दोन किंवा जास्त वाढला, आणि तेच पुन्हा घेतल्यावर परत घडलं, तर ते पेय त्या मात्रेला बाधतं असं धरा. एकदाच घडलं तर निर्णय नको. आठवडा सोडून तीच मात्रा पुन्हा घ्या. एखादी मात्रा बाधली म्हणजे पेय बाद झालं असंही नाही. १० ग्रॅमची कॉफी मानवली आणि २० बाधली, तर तुमची मर्यादा १० ग्रॅम.

आता दोन्ही नोंदी शेजारी ठेवा. आमचं मत इथे स्पष्ट आहे: तराजूची दोन पारडी मुळात समान नाहीत. मानवणारी कॉफी रोज घेता येते. निरोगी प्रौढांना दिवसाला ४०० मिग्रॅपर्यंत आणि गरोदरपणात २०० मिग्रॅपर्यंत कॅफिन चालतं, अशी युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाची मर्यादा आहे. साधा २४० मिलिचा गाळलेला कप सुमारे ९५ मिग्रॅ देतो. वाइनची गोष्ट वेगळी आहे. मद्य हे पहिल्या गटातलं, म्हणजे माणसात सिद्ध झालेलं, कर्करोगकारक आहे आणि त्यात मोठ्या आतड्याचा कर्करोगही येतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की मद्याचं कोणतंही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. म्हणून ‘कॉफी बाधते, मग तिच्या जागी रोज वाइन’ अशी अदलाबदल करायची नाही. वाइन मानवली तर तिची जागा अधूनमधून, मोजून, जेवणाबरोबर.

रेड वाइनमधली पॉलिफेनॉल (वनस्पतींतली नैसर्गिक संयुगं) आतड्यातल्या जिवाणूंना पोसतात, हा मुद्दा या तराजूत टाकू नका. पॉलिफेनॉल कॉफीतही भरपूर असतात आणि त्यांच्याबरोबर अल्कोहोल येत नाही.

तुमचा मूळ आजार कोणता त्यावरही पारडं झुकतं. जुलाबाकडे झुकणाऱ्या आयबीएसमध्ये कॉफीच्या कपांवर मर्यादा आधी घाला, आणि कॅफिनविरहित कॉफी हा बहुधा सर्वांत सुसह्य मध्यममार्ग ठरतो. बद्धकोष्ठाच्या आयबीएसमध्ये सकाळची कॉफी ठेवा. घशाशी येणाऱ्या आम्लाच्या त्रासात आधी रात्रीची वाइन जाते, कारण आडवं होण्याच्या वेळेशी तिचीच सांगड असते.

## टप्पा ८: दोन्ही मानवली तर एकाच दिवशी घेताना

स्वतंत्र मानवणारी पेयं एकत्र मानवतीलच असं नाही. एका दिवशी सकाळी ठरलेली कॉफी आणि रात्री १०० मिलि वाइन घेऊन पाहा, आणि पुढच्या दिवशी दोन्ही बंद ठेवून नोंद करा. दुपारनंतर कॉफी नको: कॅफिनची निम्मी मात्रा उतरायला साधारण पाच तास लागतात, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांना त्याहून बरेच जास्त. संध्याकाळचा कप आणि रात्रीची वाइन दोघं मिळून झोप मोडतात.

वाइननंतर ‘जेवण पचावं’ किंवा ‘नशा उतरावी’ म्हणून कॉफी घेण्याची सवय सोडा. कॅफिनमुळे रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. फक्त गुंगी झाकली जाते, आणि आधीच सैल झालेल्या झडपेखाली आम्ल वाढतं. ग्लासाबरोबर तेवढंच पाणी प्या.

दर तीन-चार महिन्यांनी, किंवा औषध बदललं, पोटाचा मोठा संसर्ग होऊन गेला, पथ्य सैल झालं की बाधलेल्या पेयाची चाचणी पुन्हा घ्या. तेव्हा कोरी नोंद तीन दिवसांची पुरते, आणि सुरुवात परत सर्वांत लहान मात्रेपासून: ५ ग्रॅम पूड किंवा ५० मिलि वाइन.